क्राऊनचा आकडा, आरपीएमचा काटा आणि डिझेलचा हिशेब

जीप किंवा थार बाळगणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. अ‍ॅव्हरेज किती देते? आणि क्राऊन कोणता आहे? पहिल्याचं उत्तर बहुतेक जण थोडं वाढवून सांगतात. दुसऱ्याचं उत्तर त्यांना गॅरेजवाल्यानं सांगितलेलं असतं, आणि पुढचे सगळे समज त्याच्यावरच उभे राहतात.

क्राऊन म्हणजे डिफरन्शिअलमधलं मोठं दातेरी चाक, आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं लहान. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, एवढाच तो आकडा. ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८, ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८, ४७ भागिले ११ म्हणजे ४.२७. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ४.८८ होता. युद्धानंतरची सीजे-३बी, जी महिंद्रानं आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली, तिला ५.३८ मिळाला. तिथे अपेक्षा शेतात, चिखलात ओढकाम करण्याची होती, हायवेवर पळण्याची नव्हती.

जुनी जीप घेतली आणि आत काय आहे ते कळत नसेल, तर हाउसिंग उघडायची गरज नाही. सपाट जागी पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि हँडब्रेक सोडा. जुन्या जीपचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टलाच धरतो, त्यामुळे तो विसरून चालत नाही. मग टायरवर आणि शाफ्टवर खडूची रेघ मारायची, दोन्ही चाकं एकसाथ बरोबर एक फेरा फिरवायची आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. पाचाला किंचित कमी पडले तर ४.८८. पाच पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त गेलं तर ५.३८.

गैरसमज: आरपीएम वाढले की डिझेल वाढलंच.

वस्तुस्थिती: कसारा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून उतरून बघा. काटा २,५००च्या वर, इंजिन ओरडतंय, आणि सिलिंडरमध्ये डिझेल जातंय शून्य. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, म्हणून कॉमन रेल इंजिनाचा संगणक इंजेक्टर बंद ठेवतो. जुन्या मेकॅनिकल पंपाचा गव्हर्नरही पाय काढल्यावर पुरवठा तोडतो. उलट न्यूट्रलमध्ये घरंगळत आलात तर इंजिन आयडलवर चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे ‘न्यूट्रल मारून डिझेल वाचवलं’ म्हणणारा ते वाचवत नाही, खर्चच करतो, वर ब्रेक तापवतो ते वेगळंच. कार्बोरेटरवाली पेट्रोल जीप मात्र याला अपवाद आहे. तिथे उतारावरही थोडं पेट्रोल आत ओढलं जातं. म्हणून ती न्यूट्रलमध्ये सोडावी असं नाही. घाटात कुठलीच गाडी सोडू नये.

तरीही या समजात तथ्याचा अंश आहे, आणि तो सपाट हायवेवर दिसतो. ६.००-१६ टायरची जीप, टॉप गिअर थेट एकास एक, वेग ताशी ८० किलोमीटर. ५.३८च्या क्राऊनवर इंजिन सुमारे ३,१७० आरपीएमनं फिरतं, ४.२७वर सुमारे २,५००नं. गाडी ढकलायला लागणारी ताकद दोन्हीकडे तेवढीच. पण प्रत्येक फेऱ्यामागे पिस्टन, बेअरिंग, तेलाचा पंप, पाण्याचा पंप यांचं घर्षण आहे, आणि जास्तीच्या फेऱ्यांचं घर्षण डिझेलमधूनच भागवलं जातं. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल अर्धवट मिटलेला असताना हवा ओढण्याचेही कष्ट पडतात, म्हणून तिथे कमी आरपीएमचा फायदा आणखी ठळक. मात्र आरपीएम २० टक्क्यांनी उतरले म्हणजे खर्चही २० टक्क्यांनी उतरेल, अशी आशा धरू नका. वाचतं ते घर्षण. हवा आणि टायर यांचं देणं तसंच राहतं.

आणि हवेचं देणं मोठं असतं. जीपजातीच्या गाडीची उभी काच आणि चौकोनी तोंड वाऱ्याला छाती लावून उभं असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. समृद्धी महामार्गावर कारसाठी १२०ची मर्यादा आहे. ८०ऐवजी १२०नं गेलात तर दर किलोमीटरला हवा कापायला सव्वादोन पट काम पडतं. टपावर कॅरिअर आणि त्यावर जेरीकॅन असले तर त्याहून जास्त. नागपूरला पोचून ‘क्राऊन चुकीचा आहे’ म्हणणाऱ्या मालकानं आधी स्वतःचा उजवा पाय तपासावा.

गैरसमज: मग सगळ्यात वरच्या गिअरमध्ये, कमीत कमी आरपीएमवर चालवणं सगळ्यात स्वस्त.

वस्तुस्थिती: सपाटीवर, हलक्या पायानं, बऱ्याच अंशी हो. चढावर नाही. नव्या थारच्या २.२ लिटर डिझेलचा पूर्ण टॉर्क १,६०० ते २,८०० आरपीएमच्या दरम्यान मिळतो. पाचव्यात १,१००वर घाट चढवायला गेलात तर टर्बो पुरेशी हवा देत नाही, पाय तळाला जातो, गाडी थरथरते. जुनं डिझेल असेल तर मागे काळा धूर दिसतो. तो धूर म्हणजे नीट न जळलेलं, तुमच्याच पैशाचं डिझेल. एक गिअर खाली आणा, काटा १,८००च्या आसपास येऊ द्या. इंजिन मोकळं होतं, आणि खर्चही बहुधा कमीच होतो.

मोठे टायर लावलेल्या गाड्यांची खरी अडचण इथेच आहे. टायरचा व्यास वाढला की क्राऊन न बदलताही गिअरिंग उंच होतं. कागदावर आरपीएम उतरतात, पण वजनदार, खडबडीत टायर ओढताना पाचवा गिअर टिकत नाही आणि मालक दिवसभर चौथ्यातच फिरतो. अशा गाडीला मोठ्या आकड्याचा क्राऊन बसवला तर टॉप गिअर परत वापरात येतो, आणि अ‍ॅव्हरेज पडण्याऐवजी थोडं सुधारूही शकतं. क्राऊन चांगला की वाईट हे टायर ठरल्याशिवाय सांगता येत नाही.

गैरसमज: मोठे टायर लावले आणि अ‍ॅव्हरेज धाडकन पडलं.

वस्तुस्थिती: थोडं पडलं असेल, पण थोडी ओडोमीटरची थापही आहे. २४५/७५ आर१६ टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, २६५/७५ आर१६चा ८०४. जवळजवळ ४ टक्क्यांचा फरक. मीटरवर ४०० किलोमीटर दिसले तेव्हा गाडी ४१५ धावलेली असते. ३२ लिटर डिझेल लागलं असेल तर मीटरप्रमाणे साडेबारा, प्रत्यक्षात तेरा.

जुन्या जीपमध्ये घोळ आणखी मोठा. तिथे मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणजे ती शाफ्टचे फेरे मोजते, चाकाचे नाही. ४.२७ काढून ५.३८ बसवला आणि केबलचा गिअर बदलला नाही, तर मीटर २६ टक्के जास्त धावतं. कट्ट्यावर ‘क्राऊन बदलल्यावर अ‍ॅव्हरेज वाढलं’ अशा ज्या कथा ऐकू येतात, त्यातल्या किती या केबलनं रचल्या असतील कोण जाणे.

गैरसमज: फोर लो टाकलं की दुप्पट डिझेल.

वस्तुस्थिती: किलोमीटरमागे जास्त लागतं, हे खरं. विलीजचा लो १.९७ होता, म्हणजे त्याच वेगाला जवळपास दुप्पट आरपीएम. पण चिखलात ताशी पाच किलोमीटरनं जाताना किलोमीटरवर हिशेब करण्यात अर्थ नाही, तिथे तासावर करायचा. त्याच जागी हायमध्ये हाफ क्लचवर गाडी रेटली तर जे डिझेल वाचेल, त्याच्या कितीतरी पट पैसे क्लच प्लेटला जातील. फोर हायमध्ये तर आरपीएम बदलतच नाहीत. पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शिअल फिरवण्याचा थोडा भार तेवढा वाढतो.

हे सगळं वाचूनही क्राऊन बदलायचाच असेल, तर आधी टायर नक्की करा, हवा तपासा आणि एक टाकी जीपीएसवर किलोमीटर मोजून जाळा. त्यानंतर पैसे मोजताना लक्षात ठेवा की मागचा एकटा बदलून भागत नाही. पुढे ५.३८ आणि मागे ४.२७ असताना फोर बाय फोर टाकलं की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात, आणि टणक जमिनीवर त्यातलं काहीतरी तुटतं. सेट दोन लागतात, मजुरीही दोनदा.