उलटीच्या आधी तोंडाला पाणी का सुटते?

बाजारातून जाताना गरम भज्यांचा वास आला की तोंडाला पाणी सुटते. घाटंजीहून यवतमाळला जाणाऱ्या एस.टी.त मागच्या बाकावर बसणाऱ्याच्या तोंडालाही पाणी सुटते, पण त्याची जात वेगळी. ते पातळ असते, गिळले तरी पुन्हा भरते. सोबत जांभया येतात, चेहरा पांढरा पडतो, कपाळावर गार घाम येतो आणि मग उमासे सुरू होतात. आपल्याकडे यालाच ‘मयमय’ म्हणतात.

ही सारी शरीराची तयारी असते. मेंदूच्या अगदी खालच्या भागातून उलटीचे नियंत्रण होते. त्याच्या शेजारीच रक्ताची चव घेणारा एक इवलासा भाग आहे. रक्तात काही विषारी आले की तो इशारा देतो. पोटातून, तसेच कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडूनही तेथे निरोप जातात. जठरातले आम्ल आता दातांवर येणार, म्हणून ते सौम्य करायला आधी लाळ सुटते. लहान आतड्यातून उलट्या दिशेने एक लाट वर येते, जठर सैल पडते आणि पोटाचे स्नायू व श्वासपटल त्याला बाहेरून दाबतात. जठर स्वतः जोर लावतच नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. दुसऱ्या दिवशी पोट दुखते ते या स्नायूंमुळे.

शिळेपाके खाल्ले असेल तर उलटीनंतर मोकळे वाटते हे खरे. त्यावरूनच ‘एकदा होऊन जाऊ द्या, बरे वाटेल’ असे आपण म्हणतो. आज लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळे.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणी करताना फवारा तोंडावर आणि अंगावरच येई. जुलै ते ऑक्टोबर या काळात विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचे प्राण गेले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात ठेवावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी एक शेतमजूर पत्नीसोबत दवाखान्यात आला. “डाक्टरसाहेब, सकायपासून मयमय होऊन रायली. उलटी काही होत नाई. एकदा झाली की बरं वाटन,” तो म्हणाला. पत्नीच्या मते पित्त झाले होते. (आपल्याकडे डोके दुखण्यापासून छाती दुखण्यापर्यंत सारे पित्तच!) तो सारखा थुंकत होता. कोणते औषध घेतले, असे विचारले तर त्याने पिकावर फवारायच्या औषधाचे नाव सांगितले. विषालाही औषधच म्हणायची आपली रीत. अंगावर अजून तोच ओला सदरा होता. डोळ्यांत पाहिले, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

साध्या मळमळीत बाहुल्या बारीक होत नाहीत, उलट थोड्या मोठ्याच होतात. पुष्कळशी कीटकनाशके मात्र मज्जातंतूंचा निरोप संपवणारे द्रव्य बंद पाडतात. निरोप थांबतच नाही, म्हणून लाळ, घाम, डोळ्यांतले पाणी सतत वाहते, छातीत कफ साचतो, अंगाचे स्नायू फडफडतात. हे विष कातडीतून आणि श्वासातून रक्तात गेलेले असते. ते पोटात नसतेच, मग उलटी होऊन बाहेर काय पडणार? बाहुल्या बारीक नसल्या तरी धोका नाही असे समजू नये. सगळी विषे सारखी वागत नाहीत.

फवारणी करणाऱ्याला लाळ सुटून मळमळू लागले की पंप तिथेच उतरवावा. कपडे काढावेत, साबण आणि भरपूर पाण्याने अंग व केस धुवावेत. धुणाऱ्यानेही उघड्या हातांनी ते कपडे धरू नयेत. मिठाचे पाणी, दूध, तूप काही पाजू नये आणि घशात बोटे घालून उलटी काढू नये. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवावे, नाहीतर ओकारी श्वासनलिकेत जाते. १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा किंवा चिठ्ठी सोबत न्यावी. डबा हाती आला की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. शेतात पुन्हा जायची घाई तर मुळीच नको.

त्या मजुराचे कपडे दवाखान्याच्या मागे काढून त्याला धुतले, ॲट्रोपिनचे इंजेक्शन दिले आणि यवतमाळला पाठवले. तो वाचला. पुढे त्याची पत्नी भेटली तेव्हा सांगत होती, की दवाखान्यात त्याचे तोंड सारखे कोरडे पडायचे आणि तो पाणी पाणी करायचा. ती घाबरली होती. तो कोरडेपणा ॲट्रोपिनचा होता, हे मी तिला तेव्हा सांगितले.