पाहुण्याचं ताट आणि घरचं ताट

चैत्र लागला. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेची यात्रा झाली, की आपल्याकडं गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण. ज्या गावची यात्रा, त्या गावात एकेका घरात वीस-तीस, कुठं पन्नास माणूस जेवून जातं. घर पाहुण्यांनी भरलं पाहिजे, हीच यात्रेची मजा. म्हणून आज पाहुणचाराबद्दल बोलूया. पाहुण्यांना काय रांधायचं ते मी सांगणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पाहुणे जेवतात त्या दिवशी घरची बाई काय खाते, कधी खाते आणि ते बघून आपली मुलं काय शिकतात, एवढाच आजचा विषय.

गेल्या वर्षी यात्रेनंतरच्या बैठकीला आमच्या एका गटातली वहिनी आली नाही. कधी बैठक न चुकवणारी बाई. चौकशी केली तर कळलं, यात्रेच्या दिवशी दुपारी चुलीपुढं भाकरी थापताना चक्कर येऊन पडली. पहाटे चारला उठलेली, पोटात दोन-तीन कप चहा, आणि शेवटची पंगत उठायला साडेतीन वाजलेले. दवाखान्यात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेआठ निघालं.

पुढच्या बैठकीला ती आली. म्हणाली, "ताई, पाहुण्यांसमोर पडले, फार लाज वाटली."

मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी जेवलात कधी?"

"दिवेलागणीला. रस्सा उरला होता, त्यात भाकरी कुस्करली."

"आणि फोडी?"

यावर बैठकीतल्या सगळ्या जणी हसल्या. हसल्या, कारण उत्तर प्रत्येकीला ठाऊक होतं.

आता हे साडेआठ म्हणजे किती कमी, ते समजून घेऊ. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन निदान 12 असावं, गरोदर बाईचं निदान 11. गरोदर नसतानाही ते 8 च्या खाली गेलं, तर डॉक्टर त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. आमची वहिनी त्या रेषेच्या जरा वर होती, इतकंच. आणि ती एकटी नाही. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटात दहा जणी बसल्या असतील, तर त्यातल्या पाच-सहा. जिना चढताना धाप लागणं, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येणं, सकाळीच थकवा वाटणं, ही त्याचीच लक्षणं. आपण मात्र "वय झालं आता" म्हणतो, तेही पस्तिशीत.

एका यात्रेनं रक्त कमी होत नाही, हेही खरं. पाळीत जास्त रक्त जाणं, लागोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत, अशी कारणं असतात. पण जेवण हे मोठं कारण आहे. यात्रेच्या दिवशी जे घडतं, तेच रोज लहान प्रमाणात घडत असतं. आधी गडीमाणसं, मग मुलं, मग म्हातारी माणसं आणि सगळ्यांत शेवटी आपण. भाजी उरली तर घ्यायची, नाहीतर चटणी-भाकरी. कोणी उपाशी ठेवत नाही आपल्याला. पोट भरतं, पण रक्त वाढवणारं जे असतं ते आपल्या पाळीपर्यंत संपलेलं असतं.

मटणाचंच बघा. रक्ताला लागणारं लोह हे मटणाच्या फोडीत असतं, काळजात तर जास्तच. आणि मटणातलं लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा अंगी लवकर लागतं. रश्श्यात मुख्यत्वे पाणी, तेल आणि मसाला. म्हणजे पाहुण्यांनी फोडी खाल्ल्या आणि आपण रस्सा ओरपला, तर आपल्या वाट्याला चव आली, लोह आलं नाही. ज्या घरात मटण खात नाहीत, त्यांनी मटकी, हरभरा, मेथी, शेपू, बाजरीची भाकरी यांकडं बघावं. त्यावर लिंबू पिळलं, किंवा सोबत आवळा नाहीतर पेरू खाल्ला, तर लोह जास्त अंगी लागतं. चहाचं मात्र उलटं आहे. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला, की लोह नीट शोषलं जात नाही. जेवण आणि चहा यांच्यात निदान तासाभराचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चालू असेल, तर तीही चहाबरोबर घेऊ नका.

आता मुलांकडं वळू. त्या वहिनीचा मुलगा नववीत, मुलगी सातवीत. यात्रेच्या दिवशी मुलगा मामाशेजारी पहिल्या पंगतीला बसला. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती आणि आईबरोबर दिवेलागणीला जेवली. तिला कोणी "तू थांब" म्हणालं नव्हतं, आणि त्याला कोणी "तू बस" म्हणालं नव्हतं. दोघंही लहानपणापासून बघत आले, तसं वागले. आपण मुलांना शाळेत घालतो, शिकवणी लावतो, चार लोकांत कसं वागायचं ते सांगतो. पण घरात कोणाचं ताट कधी वाढलं जातं, हा धडा मुलं न सांगता पाठ करतात. शाळेत दर आठवड्याला मुलामुलींना लोहाची निळी गोळी देतात. ती जेवणानंतर घ्यायची असते. घरात शेवटी जेवायची सवय लावायची आणि शाळेत गोळी द्यायची, याचा मेळ कसा बसायचा? पाळी सुरू झाली की त्या मुलीची लोहाची गरज वाढते, आणि नेमकं त्याच वयात तिला पंगतीतून उठवून तिच्या हातात वाढपं देतो आपण. उद्या ती कोणाच्या तरी घरची सून होईल, आई होईल. साडेआठ हिमोग्लोबिन घेऊन बाळंतपणाला सामोरं जाणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या काही जणींनी जवळून बघितलं आहे.

हा विषय निघाला तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, "बाई गं, अन्नपूर्णेनं शेवटीच जेवायचं असतं. पाहुणा म्हणजे देव." आजींचा मान राखून मी दोन गोष्टी सांगितल्या. पाहुण्याला देव मानायला सांगणारं तैत्तिरीय उपनिषद त्याच ठिकाणी आई, वडील आणि गुरू यांनाही देव मानायला सांगतं, आणि त्यात पहिलं नाव आईचं आहे. दुसरं, याज्ञवल्क्यस्मृतीत पंगतीबद्दल लिहिलं आहे. मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, आजारी माणूस, मुली, पाहुणे आणि चाकरमाणसं या सगळ्यांना जेवू घालावं आणि उरलेलं नवरा-बायको दोघांनी खावं. म्हणजे शेवटीच बसायचं असेल, तर दोघांनी बसायचं. एकट्या बाईनं नव्हे. आजी जरा गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मालकांना सांगायला पाहिजे होतं हे, आता काय!"

मग करायचं काय? पाहुण्यांना कमी वाढायचं का? मुळीच नाही. आपण नैवेद्याचं ताट कधी काढतो, ते आठवा. पाहुण्याच्या आधी. तेव्हा कोणी म्हणत नाही की पाहुण्यांना कमी पडेल. मग नैवेद्य निघाला, की लगेच घरच्या बायकांचा आणि मुलांचा डबा काढायचा. त्यात सुकं मटण फोडींसकट, नाहीतर डाळ-उसळ, भाजी, भाकरी. पातेल्याच्या तळाचं नको, वरचं.

दुसरं, गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई, लहान मुलं आणि आजारी माणूस यांना पहिल्याच पंगतीला बसवा. त्यांनी थांबायचं नाही.

तिसरं, प्रत्येक पंगतीला घरातली एक तरी बाई जेवायला बसवा. तिच्या जागी वाढायला घरातला एक पुरुष उभा करा. सार्वजनिक महाप्रसादाला गावातली पोरं बादल्या घेऊन झरझर वाढतात. घरच्या पंगतीलाही त्यांना ते जमेल.

चौथं, मुलगा आणि मुलगी दोघांनी एक पंगत वाढायची आणि पुढच्या पंगतीला दोघांनी शेजारी शेजारी बसायचं. पाणी दोघांनीही द्यायचं.

आणि एक काळजी घ्या. चैत्राच्या उन्हात सकाळी शिजवलेलं मटण तसंच ठेवलं, तर लवकर बिघडतं. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ उघड्यावर ठेवू नये, आणि खाताना वाफा येईपर्यंत गरम करून घ्यावं. दिवसभर राहिलेलं संध्याकाळी आपणच खातो आणि मग रात्री आपलंच पोट बिघडतं, याचाही विचार करा. काढलेला डबा वेळेवर खाल्ला, तर तोही प्रश्न सुटतो.

हे होत नाही असं वाटत असेल, तर एक अनुभव सांगते. दिवाळीनंतर गटातल्या एका घरी नातवाचं जावळ होतं. सहा किलो मटण आणलेलं. सुनेनं सासूला विचारून पाऊण किलोचा वाटा आधीच बाजूला काढला. सासूबाई दिवसभर धास्तावल्या होत्या, "पाहुण्यांना पुरेल ना गं?" पाहुणे जेवले, हात धुतले, पान खाल्लं, कोणाला काही कमी पडलं नाही. दोन वाजता घरातल्या पाच बायका फोडींसकट जेवल्या, सासूबाईही जेवल्या. मुलाचे वडील आणि काका वाढत होते. एका पाहुण्यानं थट्टा केली, "काय दाजी, आज बढती मिळाली का?" दाजी हसले आणि त्याच्याच ताटात आणखी एक भाकरी टाकली. एवढ्यावर ते मिटलं.

मैत्रिणींनो, यात्रेसाठी गटातून कर्ज घेतलं, तर आपण हिशेबवहीत रुपयान् रुपया लिहितो. या वर्षी आणखी एक नोंद करा. यात्रेच्या दिवशी तुम्ही किती वाजता जेवलात, तुमच्या ताटात काय होतं, आणि तुमची मुलगी कितव्या पंगतीला बसली, एवढं कागदावर लिहा आणि यात्रेनंतरच्या बैठकीला घेऊन या. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या, म्हणजे तोही ते वाचेल. शिवाय जवळच्या दवाखान्यात एकदा रक्त तपासून घ्या, तोही आकडा त्याच कागदावर लिहा. बैठकीत आपण सगळ्यांचे कागद वाचू.

यात्रेला या, पाहुण्यांना बोलवा, पोटभर वाढा. आणि स्वतःही वेळेवर जेवा.