झबला पिशवीची कैफियत

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्या पोटात आणखी तीस-चाळीस पिशव्या घड्या घालून कोंबलेल्या असतात. असा खिळा नसलेले मराठी घर माझ्या पाहण्यात नाही. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत सरताच, २३ जूनपासून, तिची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा त्या खिळ्यावरचा आमचा ऐवज एका रात्रीत मुद्देमाल ठरला. पहिल्या कसुरीस ५,००० रुपये दंड, दुसरीस १०,००० आणि तिसरीस २५,००० रुपये व वर तीन महिन्यांची कैद, अशी ही चढती भाजणी होती.

आरोप खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदी वस्त्यांत शिरली, त्या वेळी तुंबलेल्या नाल्यांतून निघालेल्या पिशव्यांचे ढीग मुंबईने डोळ्यांनी पाहिले होते. पुढच्या वर्षी राज्यात आलेल्या प्लॅस्टिक पिशव्यांविषयीच्या नियमांचा उगम त्या ढिगांतच होता. परंतु नाल्यात पिशवीच का सापडते आणि तिच्याच कुळातली दुधाची पिशवी तिथे त्या मानाने क्वचित का दिसते, हा प्रश्न बंदीचा मसुदा लिहिणारांनी स्वतःला विचारावयास हवा होता.

त्याचे उत्तर भंगारवाल्याच्या तराजूत आहे. बाजारात जिला तिच्या आकारामुळे ‘झबला’ म्हणतात, ती पातळ पिशवी इतकी हलकी असते की किलोभर माल जमवण्यासाठी कचरा वेचणाऱ्या बाईला शेकडो वेळा वाकावे लागते. शिवाय तिच्यात माशाचे पाणी, नाहीतर आमटीचे खरकटे. दुधाची पिशवी जाड असते, घरोघरी ती धुऊन, वाळवून साठवली जाते आणि वजनावर विकलीही जाते. म्हणजे झबला पिशवीचा खरा अपराध प्लॅस्टिक असणे हा नसून, कवडीमोल असणे हा आहे. गंमत अशी की दुधाच्या पिशवीपोटी ५० पैसे परत देऊन ती माघारी घेण्याची तरतूद त्याच अधिसूचनेत होती. मर्म हाताशी होते, पण सारा भर पडला तो जप्तीवर.

आणि जप्ती कोणावर? बिस्किटांच्या व वेफर्सच्या कारखान्यात भरलेल्या वेष्टनांना सूट मिळाली, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याने सुटी साखर पिशवीत बांधली तर तो गुन्हेगार! वाण्यांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच त्यांना सवलत द्यावी लागली. भाजीवालीची ओरड कोणाच्या कानी जाणार? आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारी एक बाई त्या पावसाळ्यात पिशव्या गोणपाटाखाली, आपल्या मांडीशी दडवून ठेवी. गिऱ्हाइकाने भिजलेली मेथी आणि वर पावशेर मिरच्या मागितल्या की आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकी आणि मगच एक पिशवी उपसे. दिवसाकाठी तिच्या हाती काय पडत असेल आणि ५,००० रुपयांचा दंड म्हणजे तिचे किती दिवस, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पर्यायांचीही जरा रुजुवात घेऊ. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील भाराच्या दृष्टीने पातळ पिशवीशी बरोबरी करण्यास कागदी पिशवी ३ वेळा, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आणि पातळ पिशवी नंतर कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून घातली, तर सुतीचा आकडा ३२७ वर जातो. नाले तुंबण्याचा हिशेब त्यात नाही, हे खरे. पण माझ्या आईची जाड खादीची पिशवी पंधरा वर्षे टिकली म्हणून समारंभात फुकट वाटलेली प्रत्येक सुती पिशवी पुण्यवान ठरत नाही. बाजारात ‘कापडी’ म्हणून खपणाऱ्या रंगीत पिशव्या तर बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे लुगडे नेसलेले प्लॅस्टिकच.

या झबल्याचा जनक स्टेन थुलीन हा स्वीडनचा अभियंता. त्याच्या कंपनीला १९६५ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. कागदासाठी होणारी वृक्षतोड टळावी, पिशवी खिशात ठेवून पुनःपुन्हा वापरावी, असा त्याचा हेतू होता असे त्याच्या मुलाने पुढे सांगितले. आपण तिला फुकट केले आणि फुकटाची जी गत होते ती तिची झाली. आयर्लंडने २००२ मध्ये बंदी न घालता दर पिशवीवर १५ सेंट आकार बसवला, तेव्हा माणशी वर्षाला सुमारे ३२८ असलेला वापर २१ वर आला. तिथे कोणाच्या गोणपाटाखाली हात घालावा लागला नाही. आपल्याकडेही पिशवी जाड करा, तिच्यावर परतीची अनामत छापा, ती अनामत रद्दीच्या दुकानात मिळू द्या. मग रस्त्यावर पडलेली पिशवी उचलण्यासाठी वाकणे कोणाला तरी परवडेल.

आमच्या गॅलरीतल्या दोरीवर आजही दुधाच्या पिशव्या चिमटे लावून वाळत असतात. महिन्याच्या अखेरीस येणारा भंगारवाला त्या वजन करून घेतो, चार रुपये मोजतो आणि चुकून त्यांत मिसळलेले एखादे झबले निघालेच, तर ते न बोलता बाजूला काढून माझ्या हाती परत देतो.