नेम धरतो कोण ?

वैशाखांत परसांतल्या आंब्याखालीं मुलें दगड घेऊन उभीं राहिलीं, कीं ओसरीवरील वडील मंडळींस स्वस्थ बसवत नाहीं. "अरे, डोळे कैरीवर ठेव. कोपर वर घे. बोटें वेळेवर सोड !" असा उपदेश सुरू होतो, आणि मुलाचा आधीं थोडाफार लागणारा नेमहि चुकूं लागतो. असले उपदेश आम्हींहि पुष्कळ केले आहेत. त्यांतला कामाचा कोणता व फुकटचा कोणता, हें गेल्या कांहीं दशकांतील संशोधनानें बरेंच स्पष्ट झालें आहे.

खांद्यावरून हात फिरवून वस्तु फेंकणें ही क्रिया एकट्या हाताची नव्हेच. तिचा उगम पायांत होतो. पुढचा पाय रोवतांच कंबर वळते, कंबरेमागून धड, मग खांदा, कोपर, मनगट आणि सर्वांच्या शेवटीं बोटें. हात मागें राहून धड पुढें जातें तेव्हां खांद्याभोंवतालचे बंध रबरासारखे ताणले जातात, आणि ते सुटतांच दंडाचें हाड स्वतःभोंवतीं गर्रकन् फिरतें. कसलेल्या खेळाडूंत हा वेग सेकंदास ९००० अंशांपर्यंत जातो. मनुष्याच्या शरीरांत याहून जलद हालचाल नाहीं. अमेरिकेंतील नील रोच व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं असें प्रतिपादिलें कीं, खांद्याची ही घडण सुमारें २० लाख वर्षांपूर्वीं आपल्या पूर्वजांत सिद्ध झाली. चिंपांझी एरव्हीं मोठा बलवान. पण त्याची फेंक ताशीं २० मैलांच्या आसपासच अडकते.

परंतु वेग म्हणजे नेम नव्हे. हात वर्तुळाकार फिरत असतो. बोटें लौकर उघडलीं तर चेंडू उंच जातो, उशिरां उघडलीं तर खालीं. हात सेकंदास २० मीटर वेगानें जात असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागांत तो २ सेंटिमीटर पुढें सरकतो. विल्यम कॅल्विन यांनीं १९८३ सालीं गणित मांडलें कीं, सशाएवढें लक्ष्य ४ मीटरांवर असेल तर दगड सोडण्यास सेकंदाचे सुमारें ११ सहस्रांश मिळतात, आणि तेंच ८ मीटरांवर गेलें कीं अवघे १.४. अंतर दुप्पट झालें आणि सवड आठपट आटली !

आतां डोळ्यांनीं पाहून हात हलवावयास माणसाला सुमारें २०० सहस्रांश लागतात. मेंदूची आज्ञा नुसती बोटांपर्यंत पोंचण्यासच २० लागतात. म्हणजे फेंक चालू असतां ती सुधारणें शक्यच नाहीं. सर्व आज्ञा आधींच निघालेल्या असतात. म्हणून "डोळे कैरीवर ठेव" हा उपदेश खरा, आणि "बोटें वेळेवर सोड" हा व्यर्थ.

ही वेळ ठरवितो कोण, याचा शोध कॅनडांतील वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठांत जॉन होर यांनीं घेतला. चेंडू सुटतांना बोटांवर उलट दाब देतो. तो वेगानुसार कमीजास्त होतो. निरोगी मेंदू हा दाब आधींच ओळखून बोटें तितकींच आंवळून धरतो. ज्यांचा लहान मेंदू रोगानें दुबळा झाला आहे, त्यांची बोटें कधीं लौकर, कधीं उशिरां उघडतात, आणि चेंडू उंच-सखल जातो. उजव्या माणसानें डाव्या हातानें फेंकून पाहावें. त्यासहि बोटांची हीच गफलत भोंवते.

हा लहान मेंदू वजनानें एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण ८६ अब्ज पेशींपैकीं सुमारें ६९ अब्ज त्याच्याच पदरीं आहेत. सेंट लुइस येथें थॅक व मार्टिन यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तर मोठा मौजेचा आहे. दृष्टि एका बाजूस वळविणारा लोलकाचा चष्मा लावून लोकांस मातीचे गोळे फेंकावयास सांगितले. प्रथम गोळे बाजूला गेले. दहा-तीस फेंकींत नेम लागूं लागला. चष्मा काढतांच तेच गोळे विरुद्ध बाजूला ! लहान मेंदूच्या विशिष्ट भागास इजा झालेल्यांचा नेम मात्र चष्म्यासह सुधारला नाहीं, आणि चष्मा काढल्यावर बिघडलाहि नाहीं. शिवाय वरून फेंकण्यांत मिळविलेली सुधारणा खालून फेंकतांना बहुतेकांच्या उपयोगीं पडली नाहीं.

पहिल्या महायुद्धांत लहान मेंदूस गोळी लागलेले सैनिक तपासून गॉर्डन होम्स यांनीं १९१७ सालीं या विकाराचें वर्णन केलें. त्यांच्या एका रोग्याचें म्हणणें असें कीं, चांगला हात आपोआप चालतो, दुखावलेल्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते.

हें आम्हांस उशिरां कळलें. आमचे एक चुलते निवृत्त शिक्षक. त्यांच्या हातांतला चहा ओठांशीं नेतांना हिंदकळूं लागला, चालतांना पाय फांकूं लागले, जीभ जड झाली. गल्लींत कुजबूज सुरू झाली. घरांतहि एकदोघांनीं त्यांच्या कपाटाकडे संशयानें पाहिलें, आणि त्या एकदोघांत आम्हीहि होतों. जन्मांत दारूला न शिवलेला तो माणूस चार महिने मान खालीं घालून वावरला. पुढें तपासणींत लहान मेंदू झिजत असल्याचें निघालें. त्यानंतर आम्हीं त्यांची क्षमा मागितली. ते हंसले इतकेंच.

काका आतां नातवाकडे चेंडू फेंकीत नाहींत, ओसरीच्या फरशीवरून घरंगळत सोडतात. बोटें थोडीं लौकर वा उशिरां सुटलीं, तरी फरशीवर चेंडूला उंच-सखल होतां येत नाहीं.