सातबारा कोणाच्या नावावर?

धरमशाळेच्या केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या यादीत नोर्गेलिंग नावाची एक वसाहत आजही ‘भंडारा’ म्हणून नोंदलेली आहे. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला आणि ही वसाहत ज्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे, तो तालुका गोंदियाकडे गेला. यादीतले नाव मात्र तसेच राहिले. इटियाडोह धरणाच्या बाजूला, गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात रंगीत पताका दिसू लागल्या की तिबेटी कॅम्प आला, हे इकडच्या लहान पोरांनाही ठाऊक असते. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला निघालेले लोकही हा कॅम्प बघूनच पुढे जातात.

याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, दिनकरनगर, संजयनगर, पुष्पनगर, रामनगर अशी गावे आहेत. सरकारने जागा आखून बसवलेली ही गावे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची. घरात बांगला, बाजारात मराठी-हिंदी आणि शरद ऋतूत दुर्गापूजा, असा इथला रिवाज.

दोन्ही समाज घरदार सोडून आले. दोघांनाही जंगल तोडून काढलेली जमीन मिळाली, पाऊस तोच आणि पीकही तेच, धानाचे. तरीही पन्नास-साठ वर्षांनंतर दोघांचे अर्थकारण अगदी निराळ्या वाटांनी गेले आहे. कारण विचारले तर तालुक्यात ठरलेले उत्तर मिळते: तिबेटी जात्याच व्यापारी आणि बंगाली जात्याच मेहनती शेतकरी. हे उत्तर मला मुळीच पटत नाही. तिबेटातून आलेल्यांत शेतकरी होते, मेंढपाळ होते, भिक्खू होते; स्वेटरचा व्यापारी त्यांच्यात क्वचितच असेल. माणसाचा स्वभाव बाजूला ठेवून त्याच्या हातातला कागद वाचला, तर बराचसा उलगडा होतो.

मार्च 1959 मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि महिनाअखेरीस ते भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या हजारो लोकांना सुरुवातीला हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर लावण्यात आले. नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली. म्हैसूर राज्याने बैलकुप्पेला दिली, मध्य प्रदेशाने मैनपाटला, जे आता छत्तीसगडमध्ये आहे. महाराष्ट्राची पाळी 1972 मध्ये आली आणि तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात नोर्गेलिंग उभी राहिली. थंड पठारावरच्या माणसांना विदर्भाच्या मे महिन्यात आणून सोडणे म्हणजे काय, याची कल्पना इथल्या वाचकाला वेगळी करून द्यायला नको.

बंगाली निर्वासितांचे येणे असे एका वर्षाला बांधता येत नाही. फाळणीनंतर 1950 च्या आणि पुन्हा 1964 च्या दंगलींनी खुलना, बारिसाल, जैसोर, फरिदपूरकडची माणसे लोंढ्यांनी भारतात आली. त्यांतले बहुसंख्य नमःशूद्र, म्हणजे खाडीकाठचे शेतकरी आणि मासेमार. पश्चिम बंगालमध्ये जागा नाही म्हणून त्यांना रायपूरजवळच्या माना कॅम्पात ठेवले गेले. तिथून कोणी 1958 मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पात बस्तर-कोरापुटला गेले, कोणी चांदा जिल्ह्यात, तर कोणी भंडाऱ्याच्या या टोकाला. जन्मभर ज्यांनी गाळाची जमीन कसली, त्यांच्या वाट्याला मुरमाड माळ आणि साल-सागाचे बुंधे आले. दंडकारण्यातले हजारो लोक 1978 मध्ये कंटाळून सुंदरबनात परतले आणि पुढच्या वर्षी मरिचझापी बेटावरून त्यांना पोलिसी बळाने हुसकावण्यात आले. अर्जुनीत जे टिकले ते जमिनीला चिकटूनच टिकले.

आता कागदांकडे येऊ. बंगाली कुटुंबांना सरकारने भारतीय म्हणून वसवले. नोंदणी करून नागरिकत्व मिळाले, मतदार यादीत नाव लागले आणि जमिनीचा सातबारा कुटुंबप्रमुखाच्या नावावर झाला. तिबेट्याला मिळाले नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे नुसते ‘आरसी’ म्हणतात. त्यावर तो परदेशी नागरिक आहे. ठराविक मुदतीने ते नवे करून घ्यावे लागते. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ‘निर्वासित’ असा वेगळा कायदेशीर दर्जाही त्याला नाही. वसाहतीची जमीन वसाहतीकडे असते. घराला कसायला वाटा मिळतो, पण तो विकता येत नाही आणि बँकेकडे गहाणही ठेवता येत नाही.

धानाच्या पट्ट्यात सातबारा नसण्याचा अर्थ शहरी वाचकाच्या चटकन लक्षात येणार नाही. सेवा सहकारी संस्थेचे पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. आधारभूत खरेदी केंद्रावर धान घालायचे तर आधी सातबारा देऊन नोंदणी करावी लागते. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला. नोंदणी नसलेल्याला व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये भारतीय नागरिकाला आणि नावावर जमीन असलेल्यालाच मिळतात. विमा, बोनस, नुकसानभरपाई, सगळ्यांचे दार त्या एका उताऱ्याने उघडते. नोर्गेलिंगच्या तिबेट्यासाठी शेती ही म्हणूनच कायम अर्ध्या ताकदीची राहिली.

मग पैसा कुठून आला? लोकरीतून. देशभरच्या तिबेटी वसाहतींप्रमाणे इथलीही बरीच कुटुंबे पावसाळा सरता सरता लुधियानाची वाट धरतात. तिथले घाऊक व्यापारी थोडी आगाऊ रक्कम घेऊन बाकीचा माल उधारीवर देतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागपूर-गोंदियासारख्या शहरांत तिबेटी स्वेटरची दुकाने लागतात आणि जानेवारीत थंडी ओसरली की उठतात. उधारी फेडून जे उरते ते वर्षाचे. तारण जमिनीचे नाही, शब्दाचे आहे. एका हंगामात उधारी बुडाली तर पुढच्या वर्षी माल मिळणार नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत असते, आणि कित्येक दशके ही पत टिकून आहे. माझ्या मते विदर्भात चाललेल्या उधारीच्या व्यवहारांपैकी हा सर्वांत शिस्तीचा असावा.

यात एक पेच आहे. भारी धानाची कापणी-मळणी नोव्हेंबरात येते आणि स्वेटरचा हंगामही त्याच महिन्यात भरात असतो. दोन्हीकडे हात पुरत नाहीत. त्यामुळे वसाहतीची शेती आसपासच्या शेतकऱ्यांना ठेक्याने किंवा बटईने देण्याकडे कल वाढतो. बटईदाराच्या नावावरही सातबारा नाही, म्हणून त्यालाही खरेदी केंद्राचा भाव नाही. एका कागदाच्या अभावाचा फटका असा शेजारच्या गावातल्या गरीब मराठी शेतकऱ्यापर्यंत पोचतो. शिवाय हा व्यवसाय थंडीवर उभा आहे. डिसेंबर उबदार गेला की माल पडून राहतो. कोरोनाच्या वर्षी, 2020 मध्ये, अनेक शहरांत हे बाजार भरलेच नाहीत. मोठ्या दुकानांची आणि ऑनलाइन विक्रीची चढाओढ तर वर्षभर चालूच असते.

एक गोष्ट मात्र तिबेट्यांपाशी आहे जी बंगाली वसाहतींना कधीच मिळाली नाही, ती म्हणजे पाठीशी उभी असलेली संघटना. वसाहतीवर धरमशाळेने नेमलेला अधिकारी असतो. गोम्पा आहे, सहकारी संस्था आहे, दवाखाना आहे. प्रत्येक प्रौढ तिबेटी स्वेच्छेने वार्षिक वर्गणी भरतो आणि ती त्याच्या हिरव्या पुस्तिकेत नोंदली जाते. परदेशातून मदत येते, शिष्यवृत्त्या येतात. शिकलेली मुले बंगळूर-दिल्लीला जातात, तिथून कोणी पॅरिस, कोणी टोरांटो, कोणी न्यूयॉर्क गाठतो आणि तिकडून घरी पैसे पाठवतो. घरे पक्की होतात, पण त्यांत राहायला म्हातारी माणसेच उरतात. वसाहतीची खरी चिंता आता गरिबीपेक्षा ओस पडण्याची आहे.

बंगाली गावांत उलटे आहे. माणसे भरपूर, जमीन तुटपुंजी. समजा आजोबांना पाच एकर मिळाले. तीन मुलगे झाले, त्यांना सहा नातू झाले, तर नातवाच्या वाट्याला एकरभरही येत नाही. एकरी 15 क्विंटल धान धरला तर हमीभावाने 35,000 रुपयांच्या आसपास हातात पडतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक नांगरणी, पऱ्हे, रोवणी, खत आणि कापणी यांत जातात. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून या लोकांनी आपली जुनी विद्या बाहेर काढली, पाण्याची.

बांधीच्या कोपऱ्यात बोडी खणायची, पावसाळ्यात तिच्यात मत्स्यबीज सोडायचे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून तिन्ही एकत्र वाढवले तर एकाच पाण्यातला तिन्ही थरांचा चारा वापरला जातो. जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्ले, सोडले तर मर जास्त; बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली तर खर्च जास्त. कोणत्या बोडीला काय झेपेल हे बंगाली शेतकरी पाण्याचा रंग बघून सांगतो. बोडीच्या पाळीवर वांगी, दुधी, पालेभाज्या आणि पाळीखाली धान. तलावांच्या या मुलखात मासेमारीची परंपरा मूळची ढिवर समाजाची. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर त्यांच्या सहकारी संस्थांचा हक्क आहे आणि तो राहिलाच पाहिजे. बंगाली शेतकऱ्याने तलावावर हक्क न सांगता स्वतःच्या बांधीत पाणी साठवले, ही मला या साऱ्या कहाणीतली मोठी शहाणपणाची गोष्ट वाटते. आठवडी बाजारात भाजीची नि माशांची वाढलेली रेलचेल ही तालुक्याला मिळालेली त्याची देणगी आहे.

नागरिक असूनही बंगाली माणूस दोन ठिकाणी अडतो. पहिली अडचण जमिनीची: निर्वासितांना दिलेल्या जमिनी अनेक ठिकाणी भोगवटदार वर्ग-2 मध्ये आहेत, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता वा हस्तांतरित करता येत नाहीत. त्या वर्ग-1 कराव्यात ही विदर्भातल्या बंगाली वसाहतींची जुनी मागणी. दुसरी अडचण जास्त खोल आहे. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. त्यामुळे इथे जन्मलेल्या मुलाला शिष्यवृत्ती नाही, वसतिगृहात राखीव जागा नाही, नोकरीत आरक्षण नाही. 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून; आणि त्यासाठी झटले ते बारिसालचे नमःशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल. ज्या समाजाच्या नेत्याने बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवण्यासाठी जिवाचे रान केले, त्याच समाजाची नातवंडे बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात जात प्रमाणपत्रासाठी तहसीलच्या खिडकीवरून परत फिरतात. याची खंत आपल्याला वाटायला हवी.

कागदाने पडणारा हा फरक युरोपातही मोठ्या पटावर दिसतो. बल्गेरिया 1 जानेवारी 2007 रोजी युरोपीय संघात आला आणि 2014 पासून बल्गेरियन कामगाराला संघाच्या कोणत्याही देशात बिनपरवाना नोकरी करता येऊ लागली. एप्रिल 2023 मध्ये पेटलेल्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या सुदानी माणसाला मात्र आधी आश्रयाचा अर्ज करावा लागतो. ब्रिटनमध्ये असा अर्जदार वर्षभर तरी कामच करू शकत नाही, आणि नंतरही मोजक्याच कामांची मुभा मिळते. दोघांच्या उत्पन्नातला फरक बघून कोणी ‘बल्गेरियन कष्टाळू’ असा निष्कर्ष काढला, तर तो अर्जुनीतल्या ठरलेल्या उत्तराइतकाच फसवा ठरेल.

तिबेट्यांसाठी कायद्याची एक वाट आहे. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्माने भारतीय असतो आणि ते तिबेट्यांनाही लागू आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये सांगितले. निवडणूक आयोगाने 2014 मध्ये अशांची नावे मतदार यादीत घेण्याचे आदेश दिले. पण 2017 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टसाठी अट घातली: आरसी परत करा, वसाहतीत राहू नका, तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडा. म्हणजे भारतीय पासपोर्ट हवा तर नोर्गेलिंगचे घर सोडायचे, असा त्या अटीचा अर्थ होता. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचा उल्लेख आहे, पण पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या. तिबेटमधून आलेल्या बौद्धांना तो लागू नाही.

ही कोंडी दिल्लीतच सुटेल, पण मुंबईच्या आणि गोंदियाच्या हातात काहीच नाही असे नाही. केंद्राच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात राज्यांनी वसाहतींच्या जमिनीचा 20 वर्षांचा भाडेपट्टा करून द्यावा आणि कल्याणकारी योजनांचे लाभ द्यावेत असे स्पष्ट म्हटले आहे. त्या पट्ट्याच्या आधारे कसणाऱ्याची, मग तो तिबेटी असो वा मराठी बटईदार, खरेदी केंद्रावर नोंदणी करून घेता येईल. बंगाली वसाहतींच्या जमिनी वर्ग-1 करणे हा तर सर्वस्वी राज्याचा अधिकार आहे, आणि अनुसूचित जातींच्या यादीत नमःशूद्रांच्या समावेशाची शिफारस केंद्राकडे पाठवणेही राज्याच्याच हातात आहे. अर्जुनी मोरगावच्या लोकप्रतिनिधींनी या तीन गोष्टी विधिमंडळात मांडाव्यात, आणि मतदारांनी मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांबद्दल विचारावे. तिबेटी शेजाऱ्यांपैकी अनेकांना अजून मत नाही, म्हणून हा प्रश्न त्यांच्या वतीनेही आपणच विचारायचा आहे.