बेसिनमधलं पाणी पुढे कुठे जातं?

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. हेडफोन जवळ नसेल, तर वाचून घ्या.

सोलापुरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हे घरोघरी पाठ असतं. गेलेलं पाणी कुठे जातं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी सॉफ्टवेअरवाला. कुठलीही सिस्टिम समजून घ्यायची तर आधी इनपुट आणि आउटपुट बघतो. चला, पाण्याचंही तसंच बघू.

इनपुट: आपलं पाणी मुख्यतः उजनीचं. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि ते सगळं उजनीत येतं. पुण्यात प्रक्रिया न झालेलं सांडपाणीसुद्धा! त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला आयतं खत. शिवाय उजनीतून नदीत सोडलेलं पाणी पंढरपूरवरून औज बंधाऱ्यात येतं आणि टाकळीहून शहरासाठी उचललं जातं.

आउटपुट: शहराचं बरंचसं सांडपाणी नाल्यांतून सीनेकडे जातं. सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते. म्हणजे पुण्याच्या खाली आपण, आणि आपल्या खाली आणखी कुणीतरी.

नदी मरते कशी?

सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. ही गरज मोजायचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. स्वच्छ नदीच्या एका लिटरमध्ये ऑक्सिजन असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. गणित करा: एक लिटर सांडपाणी पंचवीसेक लिटर नदीचा श्वास संपवू शकतं. वाहती नदी हवेतून ऑक्सिजन परत घेते, पण उन्हाळ्यात प्रवाहच नसेल तर घेणार कुठून?

मोठे प्रकल्प आहेत की!

आहेत, पण पुरत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. उभारलेली क्षमता ३१,८४१, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया फक्त २०,२३५. म्हणजे आहे ती क्षमताही पूर्ण वापरली जात नाही. एक कारण साधं आहे: ड्रेनेजच प्रकल्पापर्यंत पोचत नाही.

म्हणून छोटा, जागेवरचा उपाय. माणशी १३५ लिटर पाणी धरलं, तर ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होतं. चार-चार माणसांची १०० घरं असतील तर रोज सुमारे ४३,००० लिटर. एवढं पाणी सोसायटीच्या आवारात साफ होऊ शकतं:

१. पहिल्या टाकीत गाळ खाली बसतो.
२. पुढच्या कप्प्याकप्प्यांच्या टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू घाण खातात.
३. मग खडीचा वाफा, त्यात कर्दळ, पाणकणीस. मुळांभोवतीचे जिवाणू उरलेलं काम करतात.

उतार नीट मिळाला तर याला वीज जवळजवळ लागत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेचं 'फायटोरिड' तंत्रज्ञान अशाच वनस्पतींवर चालतं.

आता मर्यादा. जागा लागते. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. नायट्रोजन, फॉस्फरस पूर्ण निघत नाही. म्हणून हे पाणी नाल्यात सोडण्यापेक्षा बागेला द्या. नदीत जे शेवाळाचं खत, तेच बागेत झाडांचं खत! टॉवेल-चादरींच्या डाईंगचं पाणी मात्र यात चालत नाही, त्याला वेगळी प्रक्रिया लागते.

गावाकडे शोषखड्डा चालतो, पण फक्त आंघोळ-भांड्यांच्या पाण्यासाठी, आणि विहीर-बोअरपासून लांब. आपल्या काळ्या चिकट मातीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे आधी एक बादली ओतून बघा.

तुमच्या सोसायटीत एसटीपी असेल, तर पुढच्या मीटिंगला तीनच प्रश्न विचारा: तो रोज चालू असतो का? गाळ शेवटचा कधी काढला? बाहेर पडणारं पाणी कुठे जातं? बहुतेक ठिकाणी घोडं पहिल्याच प्रश्नाला अडतं, कारण वीजबिल वाचवायला मोटर बंद ठेवलेली असते.

काय उत्तरं मिळाली ते व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू.