ओढाळ घोडी आणि जाऊबाईंचा अंगठा

आमच्या सासरी, आष्टी तालुक्यात, एक घोडी आहे. लग्नसराईत नवरदेव मिरवायचे आणि एरवी दावणीला उभे राहून कडबा खायचा, असा तिचा दिनक्रम. दिसायला देखणी, स्वभावाने गरीब. मुले पोटाखालून गेली तरी हूं नाही की चूं नाही. पण आषाढात माळ हिरवा झाला आणि तिला चरायला न्यायची वेळ आली, की हीच घोडी अंगात वारे शिरल्यासारखी करायची. गोठ्याबाहेर दहा पावले नीट. मग मान एका बाजूला टाकायची, खांदा पुढे घालायचा आणि हिसका देऊन माळाकडे पसार!

घरची पुरुषमंडळी शेतावर, म्हणून हे काम थोरल्या जाऊबाईंकडे. एके सकाळी घोडी सुटू नये म्हणून त्यांनी दाव्याचे दोन वेढे हाताला घेतले. हिसका बसला. वेढे आवळले. जाऊबाई चार-सहा हात फरफटत गेल्या, बांगड्या फुटून मनगटात रुतल्या आणि अंगठा निखळला. मी बीडहून भेटायला गेले, तेव्हा हात गळ्यात बांधलेला आणि घरात एकच विषय. दीर म्हणत होते, “मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेत नेऊन विकून टाकू.” जाऊबाई म्हणत होत्या, “तिच्या वरातीच्या पैशावर पोरीची फी भरली. ती काही जायची नाही.”

घोडी अशी का करते?

उत्तर मिळाले ते शेतातच. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीसाठी रान पड ठेवतात. त्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढ्या रात्री शेतात बसवायच्या, रानाला खत मिळते आणि त्यांना धान्य. या लोकांचा सारा संसार घोड्याच्या पाठीवर. भांडीकुंडी, वाघर, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी तान्हे मूलसुद्धा! पुरुष मेंढरांमागे जातात आणि लादलेली घोडी हाकतात त्या बायका. आपण पुस्तकात मराठ्यांच्या भीमथडी घोड्यांबद्दल वाचतो. १७९५ ची लढाई झाली ते खर्डा आमच्या गावाहून फार लांब नाही. त्या काटक, बुटक्या जातीची घोडी धनगरांनी आजवर सांभाळली. आता तिची देशातली स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंदही झाली आहे.

वाड्यावरच्या एक आजी पाणी न्यायला आल्या. जाऊबाईंचा हात पाहून म्हणाल्या, “कामून बाई, घोड्याशी रस्सीखेच खेळलीस व्हय? ते जनावर तुज्या चार-पाच पटीनं. ताकदीनं जितशील का?”

खरेच की! तीनशे किलोच्या आसपासचे जनावर. सरळ रेषेत ओढले, तर दोन गडीही पुरायचे नाहीत. आजींनी घोडीचा गुन्हाही समजावून सांगितला. रात्रभर बांधलेले, रिकाम्या पोटाचे जनावर. समोर लुसलुशीत गवत. एकदा हिसका दिला आणि दोर सुटला, लगेच तोंडात हिरवा घास! म्हणजे हिसक्याचे बक्षीस आपणच दिले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हिसका देणारच. दुकानात रडल्यावर गोळी मिळते हे मुलाला एकदा कळले की काय होते, ते आपल्याला निराळे सांगायला नकोच.

दोर धरण्याआधी

मैत्रिणींनो, घरी घोडा नसेल, पण माहेरी गाय-वासरू असेल. यातल्या निम्म्या गोष्टी तिथेही उपयोगी पडतील.

बांगड्या, अंगठी काढून ठेवा. पदर खोचा. पायांत चप्पल नको, बंद बूट हवा. नायलॉनची बारीक दोरी सरकली की कातडी सोलते, म्हणून जाड सुती दोर घ्या, आठ-दहा फुटी. उरलेला दोर हाताला, मनगटाला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नका. घड्या घालून मुठीत धरा, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो.

जनावराला आधी थोडा कडबा घाला. भुकेची धार बोथट झाली की निम्मा हट्ट तिथेच संपतो. मोहरकी नाकावर फार खाली किंवा सैल नसावी. आणि एकदा ती उचलून खाली बघा. आमच्या घोडीच्या कानामागे मोहरकीने जखम केली होती, केसांखाली कुणाला दिसलीच नव्हती! दुखणे असेल तर जनावर ओढणारच. आधी पशुवैद्याला दाखवावे.

चालताना

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. अगदी कपाळासमोरचे आणि पाठीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून पुढे उभे राहून ओढू नका, मागे तर जाऊच नका. डाव्या बाजूला, मान आणि खांदा यांच्या मध्ये, हातभर अंतर ठेवून चाला. उजवा हात हनुवटीखाली वीतभर दोर सोडून.

आजींनी गोठ्यापासून सुरुवात केली. दहा पावले चालायचे, थांबायचे. घोडी थांबली की दोर ढिला. पुढे घुसली तर दोर घट्ट, दोन पावले मागे रेटायची आणि ती मागे आली त्याच क्षणी ढिला. “ढिल दिली हेच तिचं बक्षीस,” आजी म्हणाल्या, “आन ते येळेवर पायजे.” उशिरा दिलेली शाबासकी जनावराला कळत नाही. (माणसालाही कुठे कळते!)

मान फिरवून निसटायचा बेत आधी कानांवरून आणि खांद्यावरून ओळखू येतो. कान माळाकडे रोखले, मान ताठली, की तेव्हाच तिचे तोंड आपल्याकडे वळवून एक लहान गोल फिरायचे. मान आपल्याकडे वळलेली असताना तिला सारे बळ लावता येत नाही. मान एकदा सरळ झाली, मग मात्र आपला इलाज नाही. अशा वेळी दोर सोडून द्यावा. अंगठ्यापेक्षा घोडी मोठी नाही. सुटल्यावर मागे धावू नये, ती आणखी पळते. घमेल्यात चंदीचे दाणे खुळखुळवावेत. पण हे मोकळ्या माळावर. वाटेत डांबरी रस्ता लागत असेल, तर सवय लागेपर्यंत तिला बाहेर काढूच नये, अंगणातच शिकवावे.

सोडताना

सर्वांत मोठा धोका इथे असतो. मोकळे होण्याच्या आनंदात घोडा गर्रकन वळतो आणि दुगाण्या झाडतो. म्हणून आत गेल्यावर त्याचे तोंड परत फाटकाकडे वळवा. शांत उभा राहून मान खाली घेईपर्यंत थांबा. मग मोहरकी काढा आणि आपणच आधी मागे सरका. पाठीवर थाप मारून हाकलू नका. अधूनमधून माळावर जाऊन त्याला धरावे, मूठभर चंदी द्यावी आणि पुन्हा सोडावे, म्हणजे आपण आलो की चरणे संपले असे त्याला वाटत नाही.

आणखी एक. उन्हाळाभर कडब्यावर राहिलेल्या घोड्याला पहिल्याच दिवशी पोटभर कोवळे गवत देऊ नये. घोड्याला ओकारी काढता येत नाही, पोटशूळ जिवावर बेततो. पहिल्या दिवशी पाव तास, मग दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. सारखे लोळणे, कुशीकडे वळून बघणे, लीद न होणे दिसले की ताबडतोब डॉक्टर.

हाताला लागले तर

बोट सुजण्याआधी अंगठी-बांगड्या उतरवा. दोराने सोललेली जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा, स्वच्छ कापडाने झाका. चुना, माती, टूथपेस्ट काही लावू नका. बोट वाकडे दिसले तर चोळून, ओढून बसवायला जाऊ नका. दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. लीद पडलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. जाऊबाईंनी दोन दिवस ‘उद्या जाऊ’ म्हणत हळद बांधून काढले, त्यामुळे अंगठा अजूनही पुरता वळत नाही. भाकरी थापताना दुखतो. आपल्या दुखण्याला आपण नेहमी ‘उद्या’ म्हणतो, एवढे तरी सोडू या.

आमच्याकडे ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे अडकवायची रीत आहे. दिरांनी घोडीसाठी ओंडकाही आणून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. आजींचा वाडा आठ दिवसांनी हलला, पण जाऊबाईंनी धडे सोडले नाहीत. आधी डाव्या हाताने, मग दोन्ही. दिवसातून दोनदा, एकेक पाव तास. पहिला आठवडा वैतागाचा. दुसऱ्या आठवड्यात घोडी स्वतःहून थांबू लागली. तिसऱ्या आठवड्यात जाऊबाई तिला फाटकापर्यंत घेऊन गेल्या, तेव्हा मधला दोर ढिला लोंबत होता.

ओट्यावर दीर बसले होते. बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी तो ओंडका फोडून चुलीपाशी आणून टाकला. माळेगावचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.